चंदनाला पोहायला येतं

समुद्रावरची नोकरी संपवून सन्मती कायमचा घरी आला, त्यानंतर सात-आठ महिन्यांनी एकदा जेवताना म्हणाला, "चंदे, सायकलच्या चेनमध्ये पाय अडकला होता तुझा, त्याचा वण राहिलाय का गं?"

चंदनाने घास हातात तसाच धरून माझ्याकडे पाहिलं. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. आमच्याकडे सायकल नव्हती. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, खाली रहदारीचा रस्ता, म्हणून मीच सायकल घेऊ दिली नव्हती.

"दाखव की. डावा पाय," तो म्हणाला. "मी रुमाल बांधला होता. तू रडली नाहीस, मीच घाबरलो होतो."

"वण कशाला राहतोय? लहान होती ती," मी म्हणाले आणि त्याला आमटी वाढली. आता कितीही मागे जाऊन विचार केला, तरी सुरुवात या वाक्यापाशीच येऊन थांबते. वाक्य माझं आहे.

मी त्रिशला मगदूम. कोल्हापुरात महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागात आहे. आमच्याकडे मुलाची आई एक जन्मतारीख सांगते, आजी दुसरी सांगते आणि दवाखान्याच्या कागदावर तिसरीच असते. मी कागद मानते. माणसाच्या आठवणीवर माझा विश्वास नाही, असं मी चारचौघांत ऐटीत सांगायचे.

सन्मती समुद्रात उभ्या केलेल्या पवनचक्क्यांच्या दुरुस्तीवर होता. पंचेचाळीस दिवस पाण्यावर, दहा दिवस घरी, अशी तीन वर्षं काढली त्याने. त्यात चंदनाचा पहिली ते तिसरीचा काळ गेला. तिकडे काम संपल्यावर करण्यासारखं काही नसायचं. माणसं कंटाळून नोकरी सोडून जात होती, म्हणून कंपनीने प्रत्येकाला एकेक टोप फुकट दिला. टोप घातला की 'सवंगडी' नावाचा खेळ खेळता यायचा.

खेळ साधाच होता. घरचे फोटो, व्हिडिओ, आवाज त्यात भरायचे. त्यातून तुमचं मूल तयार व्हायचं, तुमचं गाव तयार व्हायचं. मग मुलाला एकेक गोष्ट शिकवायची. शिकलं की गुण मिळायचे आणि मूल थोडं मोठं व्हायचं. हे सगळं पडद्यावर बघायचं नव्हतं. टोपातून कानामागे आणि कपाळावर हलके विद्युत्स्पंद जायचे, त्यामुळे शरीराला तोल जाणवायचा, हाताला स्पर्श जाणवायचा, पाणी गार लागायचं. वासाची एक डबी नाकाखाली असायची. सन्मती दररोज चार तास खेळायचा. तीन वर्षांत त्याने तिथे आमच्या मुलीला सायकल शिकवली, पतंग शिकवला, पाढे शिकवले आणि त्याच्या गावच्या मळ्यातल्या विहिरीत पोहायला शिकवलं.

सुट्टीवर यायचा तेव्हा तो हे सगळं खेळ म्हणूनच सांगायचा. "आज तुझ्या पोरीने तिकडे कमाल केली," असं हसत सांगायचा. पण नोकरी सुटली, टोप परत गेला आणि सहा-आठ महिन्यांत त्याच्या बोलण्यातला 'तिकडे' गळून गेला. कधी गळला ते मला सांगता येणार नाही.

मला कळत नव्हतं असं नाही. एकदा मी म्हणाले, "सन्मती, हे खेळातलं आहे." एकांतात मी त्याला नावाने हाक मारते, त्याच्या गावी गेलं की 'अहो' म्हणते. तो डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "म्हणजे मी तिच्यासोबत नव्हतोच?" मला त्याची कीव आली. तीन वर्षं त्याने आमच्यासाठीच काढली होती. मी चंदनाला बाजूला घेऊन सांगितलं, "बाबा काही म्हणाले की हो म्हणायचं. त्यांना बरं वाटतं. आपलं काय जातंय?"

चंदना गुणी मुलगी. ती हो म्हणायला लागली. आधी नुसतं हो म्हणायची, पुढे त्यात भर घालायला लागली. पतंग कापला गेला तेव्हा झाडावर कोण चढलं होतं, हे तीच त्याला सांगायची. पोहण्याची गोष्ट तर घरात कुणी आलं की व्हायचीच. आमच्याकडे विहिरीत पोहायला शिकवताना पोराच्या पाठीला वाळवलेले भोपळे बांधतात. भोपळ्यावर पोर तरंगतं. हात-पाय मारायला लागलं की एकेक भोपळा कमी करायचा आणि शेवटचा भोपळा त्याच्या नकळत सोडायचा. सन्मतीच्या गोष्टीत चंदनाचा शेवटचा भोपळा त्याने मागून हळूच सोडला होता आणि ती विहिरीला दोन फेऱ्या मारून आली तरी तिला पत्ता नव्हता. पाहुणे हसायचे. चंदना लाजायची.

एकदा त्याने सांगितलं, "तीन भोपळ्यांपासून सुरुवात केली."

"तीन कुठले, दोनच होते," मी म्हणाले.

म्हणाले आणि सगळ्यांना चहा दिला. मला त्यात काहीच खटकलं नाही. आता ते वाक्य आठवतं तेव्हा मी हातातलं काम थांबवते, थोडा वेळ बसते आणि पुन्हा कामाला लागते. एवढंच होतं.

गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही गावी गेलो. मळ्यात सन्मतीच्या काकू एकट्याच राहतात, सुशीलाकाकू. चौसष्ट वर्षांच्या आहेत. गावातली निम्मी पोरं त्यांनी पोहायला शिकवलीत. सकाळी नऊच्या सुमाराला आम्ही विहिरीवर गेलो. काकू गोठ्यातून दोन भोपळे आणि दोरी घेऊनच आल्या. पोरगी शहरातली, तेव्हा बांधायला लागणार, हे त्यांनी गृहीतच धरलं होतं.

"काकू, ते कशाला?" सन्मती म्हणाला. "चंदीला येतंय की. मीच शिकवलंय."

काकूंनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. वर्षानुवर्षं समुद्रावर असलेल्या माणसाला मुलीचं काय माहीत, असा त्यांचा हिशेब असावा. त्या माझ्याकडे वळल्या. "ह्याचं ऱ्हाऊ दे. तू सांग त्रिशला, पवाय येतंय व्हय गं हिला?"

"येतं की काकू. दोन वर्षं झाली शिकून. इथेच तर शिकली."

"हितं? कवा?" काकूंनी थोडा विचार केला. "मग मी तवा म्हायेरी गेले असंन." त्यांनी भोपळे कठड्यावर ठेवले.

मी खोटं बोलले नाही. हे मी तेव्हापासून अनेकांना सांगितलंय आणि कुणाला त्याचा अर्थ नीट लागत नाही. मला दिसत होतं. लाल फ्रॉक, पाठीवर एकच भोपळा उरलेला, पाण्याबाहेर येणारे तिचे पांढरे तळपाय आणि पायरीवर बसलेली मी. काकूंनी विचारलं आणि मी जे पाहिलं होतं ते सांगितलं.

चंदना कठड्यावर उभी राहिली. नाक चिमटीत धरलं आणि उडी मारली.

सन्मती फोनवर व्हिडिओ काढत होता. "बुडी मारली बघ," तो म्हणाला. "आता मधोमध निघंल." मीही विहिरीच्या मधोमध बघत होते. आम्ही दोघं हसत होतो. तो व्हिडिओ पुढे पुरावा म्हणून जमा झाला. त्यात आमचा हसण्याचा आवाज आहे.

काकू मात्र ती जिथे पडली तिथेच बघत होत्या. "आरं, बुडाय लागलीया पोरगी," असं त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या आणि नेसल्या लुगड्यानिशी त्यांनी उडी टाकली. चंदनाला त्यांनी केसाला धरून वर आणलं. तिचे ओठ निळे पडले होते.

दोन दिवस तिच्या घशात नळी होती. तिसऱ्या दिवशी नळी काढली, चौथ्या दिवशी ती बोलली. मी तिच्या उशाशी संत्रं सोलत होते.

"आई, मी बाबांसाठी हो म्हणत नव्हते," ती म्हणाली. "म्हणजे आधी म्हणायचे. मग मला खरंच आठवायला लागलं. पाणी गार होतं ते पण. मग पाण्यात गेले आणि काहीच आठवेना."

मी संत्र्याच्या फोडी तिच्या हातात दिल्या. मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. तेव्हापासून आलेलं नाही.

अपघात लहान मुलाचा होता आणि बापाने हजाराहून जास्त तास खेळ खेळलेला होता, त्यामुळे नियमाप्रमाणे आठवणींची छाननी करावी लागणार होती. बाप, आई आणि तिथे हजर असलेलं जे कुणी असेल, सगळ्यांची. तोवर सन्मतीने घरात राहायचं नाही, असं बालकल्याण समितीने लिहून दिलं. तो एका मित्राच्या खोलीवर गेला. मूल कुणाकडे राहील, की कुणाकडेच राहणार नाही, हे छाननीच्या कागदावर ठरायचं होतं.

काकूंनी छाननीचा टोप घालायला साफ नकार दिला. "माझं डोस्कं जाग्यावर हाय," म्हणाल्या. त्यांना कुणी आग्रह केला नाही.

छाननी करणाऱ्या डॉक्टर कित्तूर नावाच्या बाई होत्या. सावकाश बोलायच्या. त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवून समजावलं. एखादी घटना मेंदूत एका जागी साठवली जात नाही. बघितलेलं एकीकडे, वास दुसरीकडे, हाताला लागलेलं तिसरीकडे. हे कुठून आलं, आपण जगलो की स्वप्नात पाहिलं की कुणाकडून ऐकलं, याची नोंद वेगळी असते आणि तीच सगळ्यांत कच्ची असते. सिनेमा आपण सिनेमा म्हणून लक्षात ठेवू शकतो, कारण तो बघताना आपलं शरीर खुर्चीत असतं. 'सवंगडी'त शरीरही आत असतं. शिवाय आपण आठवण काढतो तेव्हा ती बाहेर येते आणि परत जाताना नव्याने लिहिली जाते. प्रत्येक वेळी थोडी बदलते. शंभरदा सांगितलेली गोष्ट शंभरदा लिहिली गेलेली असते, आणि त्यात कुठून आलं ही नोंद कधीतरी लिहायची राहते.

"म्हणून कायद्याने खेळात खूण घालायला लावली," डॉक्टर म्हणाल्या. "खेळ चालू असताना टोपातून एक ठरावीक ठेका सतत जात असतो. तुम्हाला तो जाणवत नाही, पण आठवणीबरोबर तो साठतो. तीच आठवण तुम्ही आमच्या यंत्रासमोर काढली की तो ठेका परत उमटतो. उमटला की ती खेळातली."

सन्मतीची छाननी तीन दिवस चालली. चंदनाच्या त्या तीन वर्षांतल्या दोनशे चौदा आठवणी त्याने सांगितल्या. एकशे त्र्याऐंशींवर खूण निघाली. तिचा पहिलीचा पहिला दिवसही खेळातला होता. त्या दिवशी तो समुद्रावर होता आणि मी व्हिडिओ पाठवला होता.

खूण असलेल्या आठवणी काढून टाकता येतात. माणसाला आठवायला लावायचं आणि ती परत लिहिली जाण्याआधी औषधाने अडवायचं. पण एक अडचण होती. विहीर तीच आणि मुलगीही तीच. खेळातली विहीर काढली तर मे महिन्यातली ती सकाळही निघून जाणार होती. डॉक्टरांना दोन्ही वेगळ्या करता येत नव्हत्या.

सही करायच्या आधी सन्मतीने मला दवाखान्याच्या व्हरांड्यात बोलावलं. तो खूप वाळला होता.

"तो दिवस पण जाणार म्हणतात," तो म्हणाला. "मग तो राहणार कुणाकडं?"

"माझ्याकडे," मी म्हणाले.

"चालंल तुला?"

मी मान हलवली. दुसरं काय करणार होते? त्याने सही केली.

माझी छाननी म्हणजे निव्वळ औपचारिकता होती. मी खेळाचा टोप कधी डोक्याला लावलेला नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं, चंदना पोहायला शिकली तो प्रसंग आठवून बघा, काही आठवणार नाही, मग आपण कागद पूर्ण करू. मी डोळे मिटले आणि मला सगळं आठवलं. लाल फ्रॉक, भोपळा, तळपाय. पायरी माझ्या मांडीला ओली लागत होती.

कागद हातात आला. 'खूण नाही. शेरा : खरी.'

"डॉक्टर, हे झालेलंच नाही," मी म्हणाले. "ती कधी पोहली नाही. तिच्याकडे लाल फ्रॉकसुद्धा नव्हता."

त्यांनी यंत्रावर उमटलेली आकृती पुन्हा पाहिली. "तुम्ही ते ऐकलंत. कितीदा ऐकलंत?"

"मोजलं नाही."

"ऐकून ऐकून तुमच्या मेंदूने चित्र तयार केलं. त्याला खूण कुठून असणार? यंत्र फक्त खेळ शोधतं. खेळ नसला की ते खरी म्हणतं. त्याला तिसरा शब्द माहीत नाही."

"मग तुम्ही काढा ती. सन्मतीची काढताय तशी."

"खूण नसलेल्या आठवणीला हात लावायला बंदी आहे, मगदूमबाई. नाहीतर उद्या कुणीही येईल आणि आपली खरी चूक काढून मागेल."

त्यांचं बरोबर होतं. नियम मी केला असता तर असाच केला असता.

समितीच्या बाईंसमोर मी सगळं सांगितलं. भोपळे काकूंनी आणले होते, माझ्या शब्दावर बाजूला ठेवले. विचारलं मला होतं, उत्तर मी दिलं. सन्मतीवर काकूंचा विश्वास नव्हताच, माझ्यावर होता. मुलीला धोका त्याच्याइतकाच माझ्यापासून आहे. त्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. माझ्या कागदावर पुन्हा एकदा नजर टाकली. "अशा प्रसंगानंतर आया स्वतःला दोष देतात," म्हणाल्या, "आम्ही रोज बघतो. तुमचा कागद स्वच्छ आहे." चंदनाचा ताबा मला मिळाला. कागदासमोर माणसाचं सांगणं टिकत नाही, हे मला कुणी नव्याने शिकवायची गरज नव्हती.

सन्मती आता जवळच खोली घेऊन राहतो. रविवारी सकाळी येतो आणि जेवून जातो. चपला व्यवस्थित एका बाजूला काढतो, पाण्याचा पेला स्वतः विसळतो. चंदनाला तो हळूहळू विचारतो. भाजी कुठली आवडते, वर्गात कुणाशी जमतं. तीही नीट उत्तरं देते. दोघं एकमेकांशी फार सभ्यपणे बोलतात. मध्ये एकदा ती आत गेल्यावर त्याने मला विचारलं, "ती पहिलीत गेली तेव्हा मी कुठं होतो?"

"समुद्रावर."

"अस्सं," तो म्हणाला. मग भाताची मूद मोडून जेवायला लागला. त्याला वाईट वाटलं असावं, पण कशाचं वाईट वाटतंय हे त्याला सापडत नव्हतं. मला त्याचा हेवा वाटला. तेवढं मात्र स्पष्ट वाटलं.

आमच्या घरात मी एक वही केली आहे. चंदनाबद्दल जे कागदावर दाखवता येतं तेवढंच त्यात लिहिते. उंची, लशी, परीक्षा, पडलेले दात. कुणी तिच्याबद्दल काही विचारलं की मी आधी वही बघते. शेजारणी हसतात. चंदना हसत नाही. ती स्वतःहून वहीत भर घालते आणि खाली तारीख टाकते.

यंदा एप्रिलमध्ये ती म्हणाली, "मला पोहायला शिकायचंय." तिनेच तरण तलावाचा फॉर्म आणला, तिनेच भरला. 'पोहता येते का' या रकान्यापुढे तिने ठळक अक्षरात 'नाही' लिहिलं आणि मला सही करायला दिला. मी वहीत बघितलं. वहीत पोहण्याची नोंद नव्हती. मी सही केली.

पहिल्या दिवशी मी काठावरच्या बाकावर बसले. सकाळचे सात वाजले होते. उथळ भागात आठ-दहा मुलं होती, शिकवणाऱ्या बाई पाण्यात उभ्या राहून त्यांना कडेची दांडी धरायला सांगत होत्या. चंदना सगळ्यांत उंच. पाणी तिच्या कमरेपर्यंतच होतं. तिने दोन्ही हातांनी दांडी घट्ट धरली होती आणि मान ताठ केली होती. बाईंनी पाय उचलायला सांगितले. तिने एक पाय उचलला आणि लगेच खाली टेकला. पुन्हा उचलला, पुन्हा टेकला. मला सगळं माहीत होतं. विहीर, ओठांचा रंग, डॉक्टरांचं बोलणं, कागद, वही, फॉर्मवरची माझीच सही. सगळं माहीत असताना, तिच्याकडे बघून माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की इतकं छान पोहायची ही. विसरली वाटतं.